जुना खेळाडू दुसऱ्या संघास द्यावा काय?

खेळाडूंची अदलाबदल हा शब्दप्रयोग आमच्या विद्यार्थिदशेंत फारसा कोणाच्या कानांवर पडत नसे. खेळाडू ज्या गांवचा, ज्या शाळेचा किंवा ज्या प्रांताचा, बहुधा त्याच बाजूनें तो खेळावयाचा. आजारी पडला तर बाहेर बसावयाचा, आणि वय झालें म्हणजे बॅट खुंटीस टांगून स्वस्थ राहावयाचा, एवढाच क्रम आम्हांस ठाऊक होता. आतां तसें राहिलें नाहीं. मधल्या सुटींत डबा खात बसलेल्या मुलांचें बोलणें सहज कानीं आलें, तर त्यांत धांवा व बळी यांपेक्षां लाख व कोटी यांचाच उल्लेख अधिक ऐकूं येतो. अमक्या संघानें तमक्यास सोडला, तमक्यास उचलला, एकाच्या बदल्यांत दोघे घेतले, अशा बाजाराच्या भाषेंत आमचे सातवी-आठवीचे विद्यार्थी मोठमोठ्या खेळाडूंविषयीं बोलत असतात. बास्केटबॉलचा सराव करणारीं मोठीं मुलें तर याहून पुढें गेलेलीं आहेत. अमेरिकेंतील कोणत्या संघानें आपला जुना गार्ड, म्हणजे चेंडू पुढें नेऊन डाव रचणारा खेळाडू, केव्हां द्यावा व त्याबद्दल काय घ्यावें, याचा हिशेब तीं वर्तकनगरांत बसून करीत असतात.

या मुलांस हंसण्याचें कारण नाहीं. त्यांची भाषा आम्हांस रुचत नसली तरी त्यांचा प्रश्न खरा आहे. ज्यानें अनेक वर्षें संघाचा भार वाहिला, तो खेळाडू अजून कामाचा आहे. पण उतार दिसूं लागला आहे. अशा वेळीं संघानें त्यास दुसऱ्याच्या हवालीं करावें काय? खेळाच्या निमित्तानें विचारला जात असला तरी हा प्रश्न केवळ खेळाचा नव्हे. कारखान्यांत, कचेरींत, किंबहुना घरांतही तो वेष पालटून उभा राहतो. म्हणून त्याचा दोन्ही बाजूंनीं विचार करून आमचें मत विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

याचें उदाहरण शोधण्यास सातासमुद्रांपलीकडे जावें लागत नाहीं. ठाण्याहून कल्याणच्या गाडींत बसावें. कळवा, मुंब्रा, दिवा व कोपर हीं स्टेशनें मागें पडलीं कीं डोंबिवली येते. प्रसिद्ध फलंदाज श्री. अजिंक्य रहाणे यांचें बालपण या डोंबिवलींत गेलें. त्यांचा जन्म १९८८ सालीं संगमनेर तालुक्यांतील आश्वी खुर्द येथें झाला. डोंबिवलीहून क्रिकेटच्या शिक्षणासाठीं त्यांस लहानपणींच लोकलनें मुंबईस जावें लागे. पहिल्या दिवशीं वडील बरोबर गेले. दुसऱ्या दिवशीं, आतां एकटा जा, असें सांगून ते स्वतः त्याच गाडीच्या दुसऱ्या डब्यांत चढले, व मुलगा नीट जातो कीं नाहीं हें लांबून पाहत राहिले, ही हकीकत श्री. रहाणे यांनींच पुढें सांगितली आहे. सकाळच्या लोकलची गर्दी ज्यांनीं अनुभविली आहे, त्या आमच्या पालकांस या हकीकतीचा अर्थ फोडून सांगावयास नको.

हे श्री. रहाणे २०११ सालीं इंडियन प्रीमियर लीगमधील राजस्थान रॉयल्स या संघांत गेले. २०१६ व २०१७ या दोन वर्षीं तो संघ स्पर्धेबाहेर होता, तेव्हां ते पुण्याच्या संघाकडून खेळले. पण राजस्थानचा संघ परत येतांच तेही परत आले. त्या एका संघासाठीं ते शंभर सामने खेळले, व त्यांपैकीं चोवीस सामन्यांत त्यांनीं संघाचें नायकत्व केलें. २०१९ च्या एप्रिल महिन्यांत, स्पर्धा अर्ध्यावर आली असतां, त्यांचें नायकपद काढून स्टीव्ह स्मिथ यांस देण्यांत आलें. त्यानंतर दोनच दिवसांनीं, २२ एप्रिल रोजीं, जयपूर येथें दिल्लीविरुद्ध त्यांनीं नाबाद १०५ धांवा काढल्या. पण त्यानें त्यांचें स्थान राहिलें नाहीं. १४ नोव्हेंबर २०१९ रोजीं राजस्थाननें त्यांस दिल्ली कॅपिटल्स संघास देऊन टाकलें, व त्यांच्या बदल्यांत मयंक मार्कंडे आणि राहुल तेवतिया हे दोन तरुण फिरकी गोलंदाज घेतले. श्री. रहाणे त्या वेळीं एकतीस वर्षांचे होते.

आतां या देवघेवीच्या बाजूनें जें बोलतां येण्यासारखें आहे, तें आधीं प्रामाणिकपणें मांडलें पाहिजे. पूर्वपक्ष दुबळा करून मग त्यास पाडण्यांत कांहीं पुरुषार्थ नाहीं.

पहिली गोष्ट ही कीं, संघ हा एका खेळाडूचा नसतो. मैदानावर ऊन्ह खात बसणारे प्रेक्षक, बाहेर बसून आपली पाळी येण्याची वाट पाहणारे तरुण खेळाडू, आणि संघावर पैसा घालणारे मालक या सर्वांचा त्यावर कांहीं हक्क असतो. एकाच्या मागील पराक्रमासाठीं बाकीच्यांनीं किती काळ थांबावें? दुसरी गोष्ट अशी कीं, खेळाचें रूप बदलतें. वीस षटकांच्या सामन्यांत दिवसभर खेळपट्टीवर उभें राहण्याचें कौशल्य उपयोगीं पडत नाहीं. तेथें पहिल्या चेंडूपासून प्रहार करणारा लागतो. जो गुण पूर्वीं भूषण होता तो तेथें ओझें ठरूं शकतो, व यांत कोणाचाही दोष नसतो. तिसरी गोष्ट व्यवहाराची. वस्तूचें मोल असतांनाच ती दिली तर मोबदला मिळतो. मोल संपल्यावर कोणी विचारीत नाहीं. आणि चौथी गोष्ट, जी बहुधा विसरली जाते, ती ही कीं, जुन्या संघांत बाहेर बसून कुजण्यापेक्षां नव्या संघांत खेळावयास मिळणें हें कित्येकदां खुद्द खेळाडूच्याच हिताचें असतें.

राजस्थानची ही देवघेव मूर्खपणाची होती असेंही म्हणतां येत नाहीं. २७ सप्टेंबर २०२० रोजीं शारजा येथें पंजाबविरुद्ध राजस्थानला विजयासाठीं २२४ धांवा हव्या होत्या. राहुल तेवतिया यांस वरच्या जागीं फलंदाजीस पाठविलें गेलें, व पहिल्या १९ चेंडूंत त्यांच्या अवघ्या ८ धांवा झाल्या. पाहणारे कपाळावर हात मारीत असतां त्यांनीं शेल्डन कॉट्रेल यांच्या एका षटकांत पांच षट्कार मारले, ३१ चेंडूंत ५३ धांवा केल्या, आणि हातचा गेलेला सामना परत आणला. इतक्या मोठ्या धांवसंख्येचा पाठलाग त्या स्पर्धेंत तोंपर्यंत कोणीं यशस्वी केला नव्हता. ज्यांनीं अदलाबदल केली ते त्या रात्रीं समाधानानें झोंपले असतील.

परंतु हिशेब एका रात्रीवर मिटत नाहीं. त्या वर्षीं आठ संघांत राजस्थानचा क्रमांक शेवटचा, आठवा लागला, आणि श्री. रहाणे ज्या संघांत गेले त्या दिल्लीनें प्रथमच अंतिम सामना गांठला. म्हणजे राजस्थान फसलें व दिल्लीनें कमावलें असें म्हणावें काय? तसेंही म्हणतां येत नाहीं. दिल्लीच्या सलामीस शिखर धवन व विरारचे पृथ्वी शॉ असल्यामुळें श्री. रहाणे यांस आरंभीं बाहेरच बसावें लागलें. सबंध स्पर्धेंत ते नऊ सामने खेळले, व त्यांच्या धांवा सर्व मिळून ११३ झाल्या. त्यांतील ६० मात्र २ नोव्हेंबर रोजीं बंगळूरविरुद्ध अशा सामन्यांत झाल्या, कीं ज्यावर दिल्लीचें दुसरें स्थान अवलंबून होतें. नफा कोणाचा व तोटा कोणाचा हें ठरविण्यास बसलेला गणिताचा शिक्षकही येथें खडू खालीं ठेवील. यावरून आम्ही एवढेंच घेतों कीं, अशा निर्णयाची योग्यता केवळ पुढच्या फळावरून पारखतां येत नाहीं. फळ पुष्कळदां दैवाच्या हातीं असतें; वागणूक मात्र आपल्या हातीं असते.

यापुढें जें घडलें तें तर प्रत्येक विद्यार्थ्यानें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्या स्पर्धेचा अंतिम सामना १० नोव्हेंबर २०२० रोजीं झाला. १९ डिसेंबर रोजीं ॲडलेड येथें भारताचा कसोटी संघ ३६ धांवांत गारद झाला, आणि नायक विराट कोहली अपत्यजन्मासाठीं घरीं परतले. तेव्हां संघाची धुरा श्री. रहाणे यांच्याकडे आली. मेलबर्न येथील पुढच्याच कसोटींत त्यांनीं ११२ धांवा काढल्या व सामना जिंकला. आणि दुखापतींनीं जर्जर झालेल्या संघास सांभाळीत १९ जानेवारी २०२१ रोजीं ब्रिस्बेन येथें मालिका २-१ अशी जिंकून दिली. ज्या पुरुषास सहा-सात आठवड्यांपूर्वीं एका संघांत धड जागाही मिळत नव्हती, त्यानेंच देशाची लाज राखली.

असें कसें झालें? माणूस तोच होता, त्याचें कौशल्यही तेंच होतें. काम निराळें होतें. एखाद्या संघास एखाद्या वेळीं अमुक माणूस नको असणें, आणि तो माणूस निरुपयोगी असणें, या दोन गोष्टी भिन्न आहेत. अदलाबदल करणारे पहिली गोष्ट ठरवितात. तो अधिकार त्यांचा आहे. पण पाहणारे लगेच दुसरी गोष्ट ठरवून मोकळे होतात, आणि तेथेंच अन्याय होतो. २०२३ च्या स्पर्धेसाठीं चेन्नईच्या संघानें श्री. रहाणे यांस लिलावांतील आधारमूल्यास, म्हणजे ५० लाख रुपयांस घेतलें. त्या लिलावांतील मोठमोठ्या बोलींच्या मानानें ही रक्कम अगदींच लहान होती. ८ एप्रिल रोजीं मुंबईच्या वानखेडे मैदानावर त्यांनीं २७ चेंडूंत ६१ धांवा केल्या. त्या स्पर्धेंत त्यांच्या धांवा ३२६ झाल्या, त्याही शंभर चेंडूंमागें १७२ या वेगानें, व चेन्नईनें विजेतेपद मिळविलें. हळू खेळतो म्हणून ज्यास देऊन टाकलें होतें, तो वयाच्या चौतिसाव्या वर्षीं वेग शिकला. लागलीच त्यांस कसोटी संघांत परत बोलाविण्यांत आलें. इंग्लंडांत ओव्हल मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारत हरला खरा, पण पहिल्या डावांत सर्वांत अधिक धांवा त्यांच्याच, ८९ होत्या. आणि त्यांस जोड मिळाली ती पालघरच्या शार्दूल ठाकूर यांची. दोघांनीं १०९ धांवांची भागी केली.

तर मग आमचें मत काय? जुना खेळाडू कधींही देऊं नये, असें आम्ही म्हणत नाहीं. तसें म्हणणें म्हणजे संघास वृद्धाश्रम करणें होय, आणि वाट पाहणाऱ्या तरुणावर तोही अन्यायच आहे. पण द्यावयाचा असेल तर तीन गोष्टी पाळल्या पाहिजेत, व त्या न पाळतां केलेली देवघेव फायद्याची ठरली तरी आम्ही तीस चांगली म्हणणार नाहीं.

पहिली गोष्ट संमति. अमेरिकेंत बेसबॉल या खेळांत कर्ट फ्लड नांवाचा एक नामांकित खेळाडू होता. सेंट लुइस येथील संघांत तो बारा हंगाम खेळला. १९६९ सालीं त्यास न विचारतां फिलाडेल्फियाच्या संघास देण्यांत आलें. त्यानें जाण्याचें नाकारलें. आपण विकतां-घेतां येणारी मालमत्ता नाहीं, अशा आशयाचें पत्र त्यानें खेळाच्या प्रमुख अधिकाऱ्यास लिहिलें व न्यायालयाचें दार ठोठावलें. १९७२ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध तीन अशा मतांनीं त्याच्या विरुद्ध निकाल दिला. त्याचा स्वतःचा खेळ या भांडणांत संपला. पण त्यानें उपस्थित केलेला प्रश्न संपला नाहीं. १९७५ सालीं एका लवादानें दुसऱ्या दोन खेळाडूंच्या बाजूनें निवाडा दिला, आणि खेळाडूस जन्मभर एका मालकाशीं बांधून ठेवणारें जुनें बंधन तुटलें. आपल्याकडील इंडियन प्रीमियर लीगमध्यें अशी अदलाबदल करतांना खेळाडूची संमति घ्यावी लागते. ही सुधारणा लहान नव्हे. मात्र संमति म्हणजे कागदावरील सही नव्हे. 'नाहीं' म्हणण्यास जागा असेल तरच 'होय' या शब्दास अर्थ असतो.

दुसरी गोष्ट ऋणाची जाणीव. बास्केटबॉलमधील एक उदाहरण आमच्या मोठ्या विद्यार्थ्यांस ठाऊक असेल. बॉस्टन सेल्टिक्स या संघांत आयझेया थॉमस नांवाचा गार्ड होता. उंच माणसांच्या या खेळांत त्याची उंची अवघी पांच फूट नऊ इंच. १५ एप्रिल २०१७ रोजीं त्याची धाकटी बहीण मोटारीच्या अपघातांत मरण पावली. दुसऱ्याच दिवशीं महत्त्वाचा सामना होता. तो डोळे पुसून मैदानावर उतरला व त्यानें ३३ गुण मिळविले. २ मे हा त्या बहिणीचा वाढदिवस. त्या दिवशीं त्यानें ५३ गुण मिळविले. आणि २२ ऑगस्ट रोजीं त्याच संघानें त्यास क्लीव्हलंडच्या संघास देऊन दुसरा, अधिक तरुण गार्ड घेतला. थॉमसच्या कमरेच्या सांध्यास दुखापत झाली होती, आणि पुढें तो पूर्वींसारखा खेळूं शकला नाहीं. तेव्हां संघाचा हिशेब चुकला असें कोणी म्हणणार नाहीं. तरी आपल्यास किती लागलें हें त्या खेळाडूनें मागाहून जाहीरपणें लिहिलें, तेव्हां पुष्कळांस वाटलें कीं कांहीं तरी देणें राहून गेलें. हें देणें पैशाचें नव्हतें. समोर बसवून, डोळ्यांस डोळा देऊन, असें असें करावें लागत आहे व त्याचें कारण हें आहे, असें वेळेवर सांगणें, आणि त्यानें जें केलें त्याचा चारचौघांत उच्चार करणें, एवढेंच तें देणें असतें. तें फुकट देतां येतें, म्हणूनच बहुधा तें दिलें जात नसावें.

तिसरी गोष्ट हेतूची. संघाची खरी गरज म्हणून खेळाडू देणें निराळें, आणि पराभवाचें खापर फोडण्यास एक डोकें हवें म्हणून देणें निराळें. ज्या संघाची घडीच विस्कटली आहे तेथें जुना मोहरा हलविल्यानें घडी बसत नाहीं; फक्त चर्चेचा विषय बदलतो. मयंक मार्कंडे यांचेंच पाहावें. २०१९ च्या जुलै महिन्यांत मुंबईनें त्यांस दिल्लीस दिलें, आणि चार महिने उलटतात न उलटतात तोंच दिल्लीनें राजस्थानला. ते त्या वेळीं अवघे बावीस वर्षांचे होते. ज्या बाजारांत म्हाताऱ्यांची गय होत नाहीं, त्यांत तरुणांचीही होत नाहीं, हें टाळ्या वाजविणाऱ्या तरुणांनीं विसरूं नये.

आतां आपल्या शाळेकडे वळूं. बास्केटबॉल हा खेळ एका शिक्षकानें आपल्या वर्गासाठीं काढलेला आहे. १८९१ च्या हिवाळ्यांत, अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें, बाहेर खेळतां येत नाहीं म्हणून कंटाळलेल्या विद्यार्थ्यांसाठीं जेम्स नेस्मिथ यांनीं पीच फळांच्या टोपल्या सज्जास ठोकून हा खेळ सुरू केला. आरंभीं त्यांत प्रेक्षक नव्हते, लिलाव नव्हता. होतीं तीं वर्गांतलीं मुलें, व त्या सर्वांस खेळावयास मिळावें हाच हेतु होता. शाळेच्या संघानें हें मूळ विसरतां कामा नये.

आमच्या येथेंही दर वर्षीं हा प्रश्न निघतो. दहावींतील एखादा मुलगा किंवा मुलगी तीन वर्षें संघाचा कणा होऊन राहिलेली असते. शेवटच्या वर्षीं अभ्यासाचा भार वाढतो, शिकवणीमुळें सराव चुकतो, पाय जड होतात. आणि तिकडे आठवींतील एक मूल वाऱ्यासारखें पळूं लागतें. कोणास घ्यावें? आमचें उत्तर असें कीं, ज्याचा खेळ चांगला त्यास घ्यावें. त्यांत भीड नको. पण निवड झाल्यावर फळ्यावर लावलेल्या यादींत आपलें नांव शोधून शोधून न सांपडणें, अशा रीतीनें त्या जुन्या मुलास ही गोष्ट कळतां कामा नये. यादी लागण्यापूर्वीं शिक्षकानें त्यास बाजूला बोलावून स्वतः सांगावें. त्याच्यावर लहानांस शिकविण्याचें काम सोंपवावें. डाव कसा रचावा हें आठवीच्या मुलास त्याच्याइतकें चांगलें कोण सांगणार? आणि वार्षिक समारंभांत जिंकलेल्या संघाबरोबर त्याचेंही नांव वाचलें जावें. व्यावसायिक संघ करंडकासाठीं असतो. शाळेचा संघ मुलांसाठीं असतो. करंडक कपाटांत राहतो, मूल जगांत जातें.

यास लागून एक दुसरी गोष्ट आहे. चांगला खेळणारा मुलगा हेरून, फी माफ करून, त्यास दुसऱ्या शाळेनें ओढून नेणें हा प्रकार अलीकडे सर्वत्र दिसतो. तो सर्वस्वी वाईट असेंही नाहीं. श्री. रोहित शर्मा यांचे आईवडील डोंबिवलींत एका खोलींत राहत, आणि ते स्वतः बोरिवलीस आजोबा व काका यांच्या घरीं वाढले. श्री. दिनेश लाड या शिक्षकांनीं त्यांस आपल्या शाळेंत घेण्याचें ठरविलें, तेव्हां महिना २७५ रुपये फी परवडणारी नव्हती. ती माफ करून घेण्यांत आली. त्या बदलानें एका मुलाचें आयुष्य घडलें. पण तेथें बदल झाला तो मुलाच्या हितासाठीं व घरच्यांच्या संमतीनें. एका करंडकासाठीं मुलास आणावें, व तो दुखावला कीं वर्षाच्या अखेरीस फीची पावती हातीं ठेवावी, हा निराळा प्रकार झाला. पालकांनीं असें बोलावणें आलें तर एकच प्रश्न विचारावा: माझ्या मुलाचा पाय मोडला, तरी तुम्ही यास शिकवाल ना?

पालकांस आणखी एक विनंती आहे. वर्तकनगरच्या पुष्कळ घरांनीं वागळे इस्टेटींतील कारखान्यांवर आपले संसार उभे केले. त्यांतले अनेक कारखाने बंद झाले. त्यांच्या जागीं कचेऱ्या व उंच इमारती आल्या. वीस-वीस, पंचवीस-पंचवीस वर्षें यंत्रापाशीं उभ्या राहिलेल्या माणसांस पन्नाशीच्या आंत घरीं बसावें लागलें, व आज कचेऱ्यांत काम करणाऱ्यांसही चाळिशी उलटली कीं तीच धास्ती वाटते. ज्यांनीं हें सोसलें आहे, त्यांनीं घरांत सामना पाहतांना थोडें जपून बोलावें. "म्हातारा झाला, काढून टाका आतां" असें आपण पडद्यावरील खेळाडूविषयीं सहज बोलून जातों. शेजारीं बसलेलें मूल तें ऐकतें, व माणसाचें मोल कसें करावें याचा धडा तेथेंच घेतें. उद्यां तें मूल कोठें तरी अधिकारी होईल, आणि कोणास ठेवावें व कोणास काढावें हें ठरविण्याची वेळ त्याजवर येईल. त्या दिवशीं तें कोणत्या शब्दांत बोलेल, हें आज आपल्या घरांत ठरत आहे.

आणि जुन्या खेळाडूनें काय करावें? त्याचेंही कर्तव्य आहेच. जागा कोणी घेईपर्यंत तीस चिकटून बसणें हा एक मार्ग. वेळ ओळखून जागा देणें हा दुसरा. श्री. रहाणे यांच्या नायकत्वाखालीं मुंबईनें २०२४ च्या मार्च महिन्यांत विदर्भास हरवून बेचाळिसाव्या वेळीं रणजी करंडक जिंकला, आणि त्याच वर्षीं सत्तावीस वर्षांनंतर इराणी करंडक मिळविला. २०२५ च्या ऑगस्ट महिन्यांत त्यांनीं आपण होऊन मुंबईचें नायकपद सोडलें. नवा नायक तयार होण्याची हीच वेळ आहे, असें त्यांनीं सांगितलें, व फलंदाज म्हणून खेळणें चालू ठेवलें. त्यांच्या मागून ती जागा शार्दूल ठाकूर यांस मिळाली, ज्यांनीं ओव्हलवर त्यांस साथ दिली होती. एकाच माणसाच्या चरित्रांत दोन वेळां नायकपद गेलेलें दिसतें. जयपुरास तें काढून घेण्यांत आलें, मुंबईस त्यांनीं तें दिलें. दोहोंमधील अंतर विद्यार्थ्यांनीं नीट पाहावें.

यावरून निष्कर्ष असा निघतो कीं, संघाची गरज खरी असेल, खेळाडूस मोकळेपणीं विचारलें असेल, आणि त्याचें ऋण उघडपणें मान्य केलें असेल, तर जुना खेळाडू दुसऱ्या संघास देण्यास आमची हरकत नाहीं. यांतील एक जरी गोष्ट नसेल, तर थोडा तोटा सोसून त्यास ठेवावें हें बरें. कारण जुन्यास कसें वागविलें हें संघांतील नवे खेळाडू पाहत असतात. आणि आपल्यावरही एक दिवस हीच पाळी येणार हें ज्यांस कळलें, ते त्या संघासाठीं जीव तोडून खेळत नाहींत.